गरम इंजिनाची चाळीस मिनिटं

कप्तानबाईंची लाँच सकाळी कधी हट्ट करत नसे. किल्ली फिरवायचा अवकाश, इंजिन घसा साफ केल्यासारखं करायचं आणि मुकाट्याने कामाला लागायचं. पण एकदा चांगलं तापलं आणि बंद केलं, की मग ते कोणाच्या बापाचं ऐकत नसे. घर्र, घर्र, घर्र. स्टार्टर जीव तोडून फिरायचा, पेट्रोलचा भपका यायचा, आणि इंजिन ढिम्म. चाळीस मिनिटांनी मात्र, जणू काही झालंच नाही अशा थाटात, ते पहिल्या फटक्याला सुरू व्हायचं.

पहिल्यांदा हे झालं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. आमच्या तळ्याच्या अलीकडे वस्ती आणि पलीकडे कचेऱ्या. मधलं पाणी ओलांडायला सतरा मिनिटं लागतात. अलीकडच्या धक्क्यावर लाँच टपालाच्या थैलीसाठी तासभर थांबतेच, तेव्हा तिथे कोणाला काही कळलं नाही. पलीकडे मात्र पाच मिनिटांत माणसं उतरवून, नवी घेऊन निघायचं असतं. त्या दिवशी एकतीस माणसं चढून बसली आणि लाँच हलेना.

एकतीस माणसांनी एकतीस सल्ले दिले. एक जण म्हणाला, "जरा ढकलून बघूया का?"

"ढकला की," कप्तानबाई म्हणाल्या. "पण त्यासाठी तुम्हाला आधी पाण्यात उतरावं लागेल."

तो खाली बसला.

कप्तानबाई सोळा वर्षं ही लाँच चालवत होत्या. अंगाने आडव्या, बोलायला तुटक. खरी कप्तानकीची पाटी त्यांना कोणी दिली नव्हती, पण गावात कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. घरी नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान होतं. तो पाण्याला इतका घाबरायचा की सोळा वर्षांत बायकोच्या लाँचमध्ये एकदाही बसला नव्हता. आंघोळसुद्धा दाराला कडी न लावता करायचा.

बाईंनी जलवाहतूक कार्यालयाला पत्र लिहिलं. कार्यालयाने मिस्त्री पाठवला. तो मिस्त्री म्हणजे बाईंचा सख्खा दीर, नवऱ्याचा धाकटा भाऊ. उन्हाळा असो की काही असो, मनगटापर्यंत बाह्यांचा शर्ट घालणारा सावध माणूस. तो हत्यारांची पेटी घेऊन धक्क्यावर आला, तापलेल्या इंजिनापासून चार पावलं लांब उभा राहिला आणि पेटीवर बसला.

"वहिनी, थंड होऊ दे. मग बघतो."

"भावजी, थंड झाल्यावर ते चालूच होतं. गरम असताना होत नाही, हेच तर दुखणं आहे."

"खरंय. पण नियम चौदा. तापलेल्या इंजिनाला मिस्त्रीने हात लावू नये."

"मग बघणार काय?"

"थंड झाल्यावर जे दिसेल ते."

चाळीस मिनिटांनी त्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. त्याने अहवाल लिहिला: इंजिन तपासले, चालू झाले, दोष आढळला नाही. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला बाईंचा संयम सुटला.

"भावजी, ताप आला म्हणून डॉक्टरकडे जावं आणि डॉक्टरने म्हणावं, ताप उतरला की या, मग तपासतो. तशातली गत झाली ही."

"वहिनी, मी नियमाबाहेर नाही जाऊ शकत," भावजी म्हणाला आणि उगाचच डाव्या बाहीचं बटण नीट केलं.

तेव्हा बाईंनी स्वतःच तोड काढली. इंजिन बंदच करायचं नाही. बंद केलं नाही तर सुरू करायचा प्रश्नच येत नाही. पण जुना नियम असा होता की लाँच धक्क्याला बांधली की इंजिन बंद हवं. म्हणून बाईंनी लाँच बांधायचंही सोडलं. पलीकडच्या धक्क्याजवळ त्या संथ गोल गोल फिरत राहायच्या आणि लाँच कडेला घासून गेली की चार माणसं उतरायची, चार चढायची. पुढच्या फेरीला पुढची चार. पलीकडच्या दातांच्या डॉक्टरीणबाई साडी खोचून, अवजारांची बॅग छातीशी धरून अशा काही सफाईने उडी मारायच्या की लोक बघायला थांबत. पण सगळ्यांना ते जमेना. एक आजोबा उडी मारायला घाबरायचे. ते एका सोमवारी सकाळी चढले आणि दिवसभर पाचही खेपा करून संध्याकाळी घरी परतले. घरच्यांना वाटलं, आज कचेरीत फार गर्दी होती.

दोन माणसं पाण्यात पडली तेव्हा कार्यालयाने परिपत्रक काढलं. चालत्या लाँचमधून कोणी उतरू नये. आणि लाँचच चालत नाही म्हणून तक्रार आली, तर चाळीस मिनिटं हा लाँचचा स्वभाव समजून ती वेळापत्रकात धरावीत. नवं वेळापत्रक छापून आलं. त्यात प्रत्येक खेपेखाली एक ओळ होती. दहाच्या खेपेखाली: दहा सतरा ते दहा सत्तावन्न, इंजिन थंड होणे.

आता माणसाची जात अशी की बसायला सांगितलं तर ती बसत नाही, काहीतरी मांडते. आठवड्याभरात पलीकडच्या धक्क्यावर एका न्हाव्याने झाडाखाली खुर्ची टाकली. केस, दाढी आणि मालिश, सगळं चाळीस मिनिटांत. डॉक्टरीणबाईंनी वरचा दवाखाना सोडून धक्क्यालगतची खोली घेतली आणि पाटी लावली: एका थांब्यात एकच दात, पण नीट. वाट बघणाऱ्यांनी कंटाळून गायला सुरुवात केली. महिन्याभरात त्यांचे आवाज जुळले आणि ती मंडळी सुट्टीच्या दिवशीही तालमीला येऊ लागली. टपाल कचेरीतली एक कारकून आणि शाळेतले चित्रकलेचे सर यांचं तिथेच लग्न ठरलं. एकूण भेटी एकोणीस, प्रत्येकी चाळीस मिनिटं.

कार्यालयही मागे राहिलं नाही. त्यांनी नवीन पद काढलं: थंडावा निरीक्षक. या पदावर एक किडकिडीत, मन लावून काम करणारे गृहस्थ आले. त्यांना लोक गारवेसाहेब म्हणू लागले. त्यांच्याकडे एक घडीची खुर्ची, एक तापमापक, एक शिट्टी आणि एक वही होती. आधी ते नऊ वर्षं कार्यालयाच्या तळघरात शिक्के मारत होते. इथे वारा होता, पाणी होतं, आणि त्यांच्या शिट्टीशिवाय पानसुद्धा हलत नव्हतं. आकाशी रंगाचा गणवेश त्यांनी कप्तानबाईंच्या नवऱ्याकडूनच शिवून घेतला. त्यात शिट्टीसाठी वेगळा खिसा होता. दर पाच मिनिटांनी ते इंजिनाच्या झाकणावर तापमापक टेकवत, आकडा लिहीत, आणि चाळिसाव्या मिनिटाला उभे राहून शिट्टी वाजवत.

म्हणजे सगळ्यांचं बस्तान बसलं. एक कप्तानबाई सोडून. त्यांना घरी सुद्धा झोपेत स्टार्टरचा आवाज ऐकू यायचा. जेवताना त्या मध्येच घास हातात धरून थांबायच्या.

"काय झालं?" नवरा विचारायचा.

"अहो, ते इंजिन आजारी आहे. आणि गाव त्याच्या आजारपणावर जगतंय."

"चाललंय ना सगळं?"

"चाललंय कुठे? चाळीस मिनिटं थांबलंय."

मग ऊन वाढलं आणि चाळीस मिनिटं पुरेनात. गारवेसाहेबांनी शिट्टी वाजवावी, बाईंनी किल्ली फिरवावी, आणि इंजिनाने नकार द्यावा. साहेबांची पंचाईत झाली. नियमाप्रमाणे इंजिन थंड झालेलं होतं. त्यांनी वहीत लिहिलं: इंजिन वेळेत थंड झाले असून ते मान्य करत नाही.

आणि एका मंगळवारी जे व्हायला नको होतं ते झालं. लाँच पलीकडून निघाली होती, बरोब्बर मध्यावर पोचली होती, आणि पाण्याखालच्या पंख्यात पाणवेलीचा गुंताडा अडकला. तो सोडवायला इंजिन बंद करणं भाग होतं. बाईंनी बंद केलं, पालथं पडून आकडीने वेल ओढून काढली, सहा मिनिटांत काम संपवलं आणि किल्ली फिरवली. घर्र, घर्र, घर्र.

वारा सुटला होता. लाँच हळूहळू तिरकी होत खडकांच्या बाजूला सरकू लागली. लाँचमध्ये त्रेचाळीस माणसं होती. एकाची अर्धीच दाढी झालेली, एकीचा गाल भूल देऊन सुजलेला. गारवेसाहेब उभे राहून वाऱ्याकडे तोंड करून शिट्टी वाजवत होते. वारा काही त्यांच्या खात्यातला नव्हता. गाणाऱ्या मंडळींनी धीर यावा म्हणून गाणं सुरू केलं, आणि ते सुरात असल्यामुळे जास्तच भीती वाटली. बाईंनी एक लांब बांबू घेतला आणि लाँच खडकापासून हाताने दूर ढकलत त्या पाऊण तास उभ्या राहिल्या. इंजिन सुरू झालं तेव्हा त्यांच्या तळव्यांची साल निघाली होती.

त्या संध्याकाळी त्या घरी न जाता थेट दिराच्या घरी गेल्या. जाऊबाईंनी दार उघडलं, हातांकडे बघितलं आणि काही न विचारता तेल आणलं. भावजी समोर येऊन बसला.

"भावजी, आज माणसं गेली असती."

जाऊबाईच म्हणाल्या, "सांगा की वहिनींना. कधीतरी सांगायचंच आहे."

भावजीने डाव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही दुमडली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी होती.

"नियम चौदा माझ्यामुळे झाला, वहिनी. मी एकोणतीस वर्षांचा होतो. गरम इंजिनावर हात टेकला आणि तोल गेला. दवाखान्यातून सुटल्यावर मीच साहेबांच्या पाया पडलो, म्हटलं असा नियम करा. तेव्हापासून गरम इंजिनाच्या चार पावलांच्या आत जाववत नाही. नियम आहे म्हणून कोणाला कळत नाही."

आपण या माणसाला तीन महिने मनातल्या मनात काय काय बोललो ते बाईंना आठवलं.

"नियमात काय लिहिलंय नेमकं?"

"मिस्त्रीने हात लावू नये."

"दिराने लावू नये असं लिहिलंय?"

भावजीने जाऊबाईंकडे बघितलं.

"रविवारी या," बाई म्हणाल्या. "पेटी आणू नका. पेटी आणली की मिस्त्री होता. नुसते दीर म्हणून या. हात मी लावीन, तुम्ही लांबून सांगा."

रविवारी लाँचला सुट्टी असते. पण निरीक्षकाशिवाय लाँच हलवायची नाही, म्हणून गारवेसाहेबांना बोलवावं लागलं. ते गणवेशात आले. भावजी रिकाम्या हाताने, जाऊबाईंच्या पिशवीत नट आवळायचे चार पाने लपवून आला. बाईंचा नवरा धक्क्यावर, पाण्यापासून सुरक्षित अंतरावर, मांडीवर शिवण घेऊन बसला. बाईंनी लाँच तळ्यात अर्धा तास पळवली, चांगली तापवली, परत आणून बांधली आणि बंद केली. दहा मिनिटं थांबून किल्ली फिरवली. घर्र, घर्र.

"स्टार्टर कसा फिरतोय?" भावजीने चार पावलांवरून विचारलं.

"जोरात."

"मग बॅटरी आणि तारा ठीक. आता हातमोजे घालून एक प्लग काढा. कसा आहे?"

"ओला. पेट्रोलने चिंब."

"म्हणजे पेट्रोल पोचतंय. नको तितकं पोचतंय." भावजी नकळत एक पाऊल पुढे आला. "बघा वहिनी, इंजिन चालू असतं तोवर पाणी त्याला थंड ठेवतं. बंद केलं की पाणी थांबतं आणि आतली धग वर येते. वर कार्बोरेटर. त्यातलं पेट्रोल उकळतं, उतू जातं आणि इंजिन त्यातच गुदमरतं. थोडंफार सगळ्याच लाँचमध्ये होतं. पण चाळीस मिनिटं? धग जातच नाहीये कुठे. झाकण उघडं ठेवून कधी बघितलंत?"

"माणसं असताना उघडता येत नाही. एकट्याने बघितलं होतं. तेव्हा वीस मिनिटांत सुरू झालं."

"मग हवेचीच भानगड आहे. आतली गरम हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा लावताय ना?"

"रोज. सुरू करायच्या आधी लावतेच, पेट्रोलची वाफ निघून जायला." बाईंनी बटण दाबलं. पंखा मोठ्याने घोंघावू लागला.

"आवाज येतोय. हवा येतेय का?"

कोणालाच सांगता येईना. तेव्हा धक्क्यावरून नवरा म्हणाला, "दोरा धरून बघा." आणि त्याने रिळातला हातभर पांढरा दोरा तोडून दिला. बाईंनी तो हवा बाहेर पडायच्या जाळीसमोर अडकवला. पंखा बोंबलत होता आणि दोरा सरळ, शांत लोंबत होता.

भावजी आणखी एक पाऊल पुढे आला. आता तो इंजिनापासून हातभर अंतरावर होता आणि ते त्याच्या लक्षातही नव्हतं. "हवेचा नळ जातो कुठून?"

तिघांची नजर एकाच वेळी बाजूच्या कपाटावर गेली. नळ त्या कपाटाच्या पाठीतून आत शिरत होता. कपाटाला लाखेचं सील होतं. बाईंना आठवलं, हिवाळ्याच्या शेवटी कार्यालयाने साठ नवी कोरी लाइफ जॅकेट दिली होती. ती कोरड्या, बंद जागी ठेवावीत असा हुकूम होता. कार्यालयाच्या माणसांनी ती स्वतः येऊन त्या कपाटात कोंबली होती आणि सील ठोकलं होतं.

"म्हणजे इंजिनाच्या नाकात साठ जॅकेटं बसलीयेत," भावजी म्हणाला.

"उघडा," बाई गारवेसाहेबांना म्हणाल्या.

गारवेसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. "कोणी बुडत असेल तरच सील तोडता येतं. हजर असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याने तोडायचं. म्हणजे मी. पण कोणी बुडत नाहीये."

"मंगळवारी त्रेचाळीस माणसं बुडणार होती."

"होती. पण बुडाली नाहीत. तेव्हाही मी विचार केला होता, की आता बुडतील, मग तोडू."

बाईंनी कपाळावर हात मारला. भावजी म्हणाला, "मी बुडतो."

"तुम्हाला पोहता येतं हे सगळ्या गावाला माहीत आहे," साहेब म्हणाले. "नियमात बसणार नाही."

तेवढ्यात धक्क्यावर शिवण खाली ठेवल्याचा आवाज आला. बाईंचा नवरा उठला होता. चपला काढून त्याने त्या नीट जोडीने ठेवल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला.

"अहो, तुम्ही काय करताय?" बाई ओरडल्या.

"सोळा वर्षं तू रोज पाण्यावर जातेस आणि मी रोज दारात उभा राहतो. मंगळवारचं मला न्हाव्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही." त्याने पायजम्याची नाडी घट्ट केली. "मला पोहता येत नाही. मी बुडालो तर ते खरंच असेल."

तो पायऱ्या उतरला. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. तिथे तो थांबला.

"बुडताय का?" गारवेसाहेबांनी वही उघडून विचारलं.

"बुडतोय."

"पाणी कमरेपर्यंतच दिसतंय."

"मनाने पूर्ण बुडालोय."

"तसं लिहिता येणार नाही हो. जरा खाली बसता का?"

नवरा बसायला गेला. पायरी शेवाळलेली होती. त्याचा पाय सटकला आणि तो खरोखरच, सबंध, डोक्यासकट पाण्याखाली गेला. वर आला तो हात झोडत, डोळे पांढरे करत, आणि पुन्हा खाली गेला. बाईंनी लाँचमधून उडी टाकली. गारवेसाहेबांनी वही फेकली, शिट्टी फेकली आणि दोन्ही मुठींनी त्या सीलवर असे काही घाव घातले की सील, कडी आणि कपाटाचं दार सगळं एकदमच सुटलं. आत दाबून बसवलेली जॅकेटं फटाफट बाहेर उसळली. साहेब एकेक उचलून पाण्यात फेकू लागले. "धरा! धरा! हे धरा!" थांबा म्हटलं तरी थांबेनात. साठच्या साठ फेकली. बाईंनी नवऱ्याला काखेत धरून उभं केलं, तेव्हा ते दोघं कमरेइतक्या पाण्यात, साठ नारिंगी जॅकेटांच्या मधोमध, एकमेकांना घट्ट धरून उभे होते.

"बुडालो होतो ना?" नवऱ्याने पाणी थुंकत विचारलं.

"अगदी नियमाप्रमाणे," गारवेसाहेब म्हणाले आणि लाँचमध्येच मटकन बसून रडायला लागले.

या सगळ्या गोंधळात लाँचमधून भावजीचा आवाज आला. "वहिनी, दोरा!"

जाळीसमोर अडकवलेला दोरा आडवा होऊन फडफडत होता. गरम, पेट्रोलचा वास असलेला वारा भसाभसा बाहेर येत होता. भावजीने तो वास पूर्ण जाईपर्यंत पंखा चालू ठेवला. मग पिशवीतून पाना काढला, वाकला, आणि गरम लोखंडाला टेकलेली पेट्रोलची नळी बोटभर उचलून बाजूला बांधली. काम झाल्यावर त्याने आपल्या हाताकडे बघितलं. तो हात इंजिनाच्या खोलीत कोपरापर्यंत आत होता. त्याने तो घाईने बाहेर ओढला नाही.

बाईंनी ओल्या कपड्यांनिशी प्लग परत बसवला, लाँच पुन्हा अर्धा तास पळवली, बांधली, बंद केली, दहा मिनिटं थांबल्या, पंखा लावला आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. त्यांनी पुन्हा बंद केलं. पुन्हा सुरू झालं. असं त्यांनी अकरा वेळा केलं. शेवटी भावजी म्हणाला, "वहिनी, आता बॅटरी उतरेल."

सोमवारी मात्र पलीकडच्या धक्क्यावर हाहाकार उडाला. पाच मिनिटांत लाँच सुटायला तयार झाली म्हटल्यावर न्हाव्याच्या हातातला वस्तरा हवेतच राहिला. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीतला माणूस आ वासून पळत आला. गाणाऱ्यांची दुसऱ्या कडव्यालाच ताटातूट झाली. दुपारपर्यंत दोनशे सह्यांचा अर्ज कार्यालयात पोचला: लाँच पूर्ववत नादुरुस्त करण्यात यावी.

कार्यालयाने विचार केला आणि निकाल दिला. वेळापत्रक वर्षभराचं छापलेलं आहे, थंडावा निरीक्षकाचं पदही वर्षभराचं आहे. इंजिन सुरू होत असेल तर ती त्याची खाजगी बाब आहे. लाँच चाळीस मिनिटं थांबेलच.

निकालाचा कागद बाईंनी दोनदा वाचला. मग त्या गारवेसाहेबांजवळ जाऊन बसल्या. साहेबांची वही पाण्याने फुगून दुप्पट झाली होती.

"साहेब, ही चाळीस मिनिटं लाँच थंड होत असताना ती कुठे असावी, असं कुठे लिहिलंय का?"

साहेबांनी सगळी परिपत्रकं चाळली. "धक्क्यावर असावी असं… नाही. लिहिलेलं नाही."

"जायला सतरा, यायला सतरा. सहा मिनिटं उरतात."

गारवेसाहेबांनी बोटांवर हिशेब केला. मग त्यांनी खुर्चीची घडी केली आणि लाँचमध्ये चढले.

तेव्हापासून आमच्याकडे पाचाऐवजी दहा खेपा होतात. ज्यांना घाई आहे ते थंड होणाऱ्या लाँचने जातात, ज्यांना केस कापायचे आहेत ते बसतात. न्हावी, डॉक्टरीणबाई, गाणारे, सगळे आपापल्या जागी आहेत. गारवेसाहेब भर वेगात चाललेल्या लाँचमध्ये तापमापक धरून बसतात आणि लिहितात: इंजिन थंड होत आहे, प्रगती समाधानकारक. भावजीने चौथा अहवाल लिहिला. त्यात पहिल्यांदाच दोष आढळला, तोही दूर केल्यानंतर. उकाडा वाढल्यावर त्याने अर्ध्या बाह्यांचे दोन शर्ट भावाकडूनच शिवून घेतले.

मागच्या आठवड्यात त्या जादा खेपेला मी लाँचमध्ये होतो. बाईंचा नवराही होता. इंजिनाच्या झाकणाला दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून बसला होता. अगदी तळ्याच्या मध्यावर बाईंनी इंजिन बंद केलं. पाणवेल नव्हती, काही नव्हतं. नुसतं बंद केलं.

लाँच आपल्याच वेगाने थोडी पुढे सरकली आणि थांबली. खालून पाण्याचा बारीक आवाज यायला लागला. नवऱ्याने एक डोळा उघडला.

"काय गं झालं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "बघा तरी, किती छान आहे इथे."

त्याने दुसराही डोळा उघडला. गारवेसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाई, आपल्याकडे तीन मिनिटं आहेत." तीन मिनिटं आम्ही तसेच बसलो. मग बाईंनी पंखा लावला.